लोआर नदीच्या काठाने सायकल प्रवास : सप्टेंबरमधील नऊ दिवसांसाठी सल्ला हवा आहे

मुठाकाठ

नमस्कार.

येत्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझे यजमान फ्रान्समधील लोआर नदीच्या काठाने सायकलवरून प्रवास करण्याचे ठरवत आहोत. माझे वय ५२ आणि त्यांचे ५७ आहे. दर रविवारी पुण्याहून खडकवासल्यामार्गे पानशेतपर्यंत जाऊन येण्याचा आमचा गेल्या सहा वर्षांचा परिपाठ आहे, आणि रेवसहून मालवणपर्यंतचा सागरी मार्ग आम्ही सायकलवर सामान लादून दोनदा पूर्ण केला आहे. त्यामुळे दिवसाकाठी ५०-६० किलोमीटरची धास्ती वाटत नाही. मात्र त्याहून अधिक अंतर रोज कापत राहण्याची आमची इच्छा नाही.

या प्रवासामागे माझे एक जुने वेड आहे. तीस वर्षांपूर्वी मी पुण्यात फ्रेंच शिकत असताना वर्गाच्या भिंतीवर फ्रान्सचा नकाशा टांगलेला होता आणि त्यावर लोआरच्या दोन्ही काठांना राजवाड्यांची लहान लहान चित्रे ओळीने काढलेली होती. शांबोर, ब्लोआ, आंब्वाझ, शेनोंसो ही नावे उच्चारांच्या सरावासाठी आम्ही इतक्या वेळा म्हटली, की ती गावे न पाहताच ओळखीची झाली. आता मुलगी नोकरीला लागली आहे, यजमानांना रजा मिळते आहे आणि गुडघे अजून साथ देत आहेत.

मी केलेला आराखडा असा आहे : पॅरिसहून आगगाडीने ओर्लेआंला जायचे, तेथे सायकली भाड्याने घ्यायच्या आणि नदीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे जात नवव्या दिवशी नांतला पोहोचायचे. वाटेत चौदा शातो, म्हणजे राजवाडे, पाहावेत अशी यादी केली आहे. प्रवाहाच्या दिशेने जाणे सोपे पडेल असा माझा समज आहे, तो बरोबर आहे का? चौदा ही संख्या फार होते का, आणि होत असेल तर नेमके काय गाळावे? आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, अंडे चालते. लहान गावांत जेवणाची कितपत पंचाईत होते? सायकली येथून नेणे योग्य की तेथेच घेणे? ज्यांनी हा मार्ग स्वतः केलेला आहे, त्यांनी सविस्तर लिहिल्यास मी मनापासून आभारी राहीन.

तूरवासी

नमस्कार ताई. मी गेली अकरा वर्षे तूर येथे राहतो, आणि माझ्या घरापासून हा सायकल मार्ग दहा मिनिटांवर आहे. आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम मार्गाविषयी. ‘ला लोआर आ व्हेलो’ या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग न्येव्हेर शहराजवळच्या क्युफी या गावापासून अटलांटिकच्या किनाऱ्यावरील सँ-ब्रेव्हँपर्यंत सुमारे ९०० किलोमीटर जातो. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या मोठ्या मार्गाचा तो भाग आहे, म्हणून वाटेत सहा हा आकडा असलेल्या पाट्या आपल्याला वरचेवर दिसतील. खुणा इतक्या चोख आहेत, की नकाशा खिशातच ठेवून दिवस काढता येतो. मार्गाचा काही भाग केवळ सायकलींसाठी आहे, काही नदीच्या बांधावरून जातो आणि बराचसा भाग तुरळक रहदारीच्या गावरस्त्यांवरून जातो. सुली-स्युर-लोआर ते शालोन या दरम्यानचा, सुमारे २८० किलोमीटर लांबीचा पट्टा युनेस्कोने २००० साली जागतिक वारशाच्या यादीत घेतला, आणि तो ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून घेतला. म्हणजे वाड्यांइतकेच मोल नदीला, द्राक्षमळ्यांना, बांधांना, नावाड्यांच्या जुन्या धक्क्यांना आणि पांढऱ्या दगडाच्या गावांना आहे. शांबोरचा शातो मात्र त्याआधीच, १९८१ मध्ये, स्वतंत्रपणे या यादीत गेलेला होता.

यावरून माझे मत आपल्या लक्षात आले असेल. चौदा शातो नऊ दिवसांत पाहू नका. मी इतक्या वर्षांत कितीतरी पाहुण्यांना या खोऱ्यात फिरवले आहे, आणि ज्यांनी रोज दोन-दोन राजवाडे पाहिले त्यांना चौथ्या दिवसापासून कोणती शेकोटी कोणत्या दालनातली आणि कोणता पलंग कोणत्या राणीचा हे आठवेनासे झाले. एका शातोला मनापासून पाहायचे तर तीन तास लागतात. सायकली लावणे, सामान सांभाळणे, तिकिटाची रांग आणि बागेतील चालणे धरले तर अर्धा दिवस जातो. नऊ दिवसांत पाच पुरेत, आणि त्या पाचांची निवड अशी करावी की प्रत्येकाचे स्वरूप वेगळे असेल.

मी असे सुचवेन. ब्लोआ अवश्य पाहावे, कारण एकाच चौकाच्या चार बाजूंना चार वेगवेगळ्या काळांतील इमारती उभ्या आहेत आणि फ्रेंच वास्तुकला मध्ययुगातून कशी बाहेर पडली हे तेथे चौकाच्या मध्यभागी उभे राहून एका दृष्टिक्षेपात समजते. २३ डिसेंबर १५८८ रोजी फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याने आपला प्रतिस्पर्धी असलेल्या गीझच्या ड्यूकचा जेथे खून करविला, ती दालनेही तेथेच आहेत. आंब्वाझ येथे लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये फ्रांस्वा पहिला या राजाच्या निमंत्रणावरून आला आणि क्लो ल्युसे या विटांच्या घरात २ मे १५१९ रोजी वारला. नदीवरच्या शातोच्या आवारातील छोट्या चॅपेलमध्ये त्याची समाधी आहे, आणि घरापासून समाधीपर्यंतचे अंतर पायी दहा-पंधरा मिनिटांचे आहे. ते पायीच चालावे. व्हिलांद्री बागेसाठी पाहावे. होआकिम कार्व्हालो या स्पॅनिश डॉक्टरने १९०६ मध्ये ते विकत घेऊन तेथे पुन्हा जुन्या पद्धतीची बाग उभी केली; त्या बागेतील कोबी, भोपळे, वांगी आणि सेलरी भौमितिक वाफ्यांमध्ये रंग जुळवून लावलेली असतात, आणि सप्टेंबरमध्ये ती भरात असतात. भाजीपाल्याची बाग इतकी देखणी असू शकते हे मला ती पाहीपर्यंत ठाऊक नव्हते.

शेनोंसोविषयी एक सूचना. हा राजवाडा लोआरवर नसून शेर या उपनदीवर आहे, आणि मुख्य सायकल मार्ग त्याच्या दारावरून जात नाही. आंब्वाझहून जंगलातून सुमारे १५ किलोमीटरचा रस्ता आहे, त्यात चढ आहे आणि मोटारींची वर्दळही असते. त्यापेक्षा तूरमध्ये मुक्काम असताना सायकली ठेवून आगगाडीने जावे. शेनोंसोचे स्थानक शातोच्या फाटकालगतच आहे. नदीवर पुलासारखे बांधलेले ते ६० मीटर लांबीचे दालन पाहताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिल्या महायुद्धात तेथे जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. आणि १९४० नंतर शेर नदी हीच जर्मनव्याप्त प्रदेशाची सीमारेषा झाल्यामुळे दालनाचे एक दार व्याप्त काठाकडे आणि दुसरे दार मुक्त काठाकडे उघडत असे. त्या वाटेने कित्येक माणसे पलीकडे सुखरूप गेली.

पाचवे कोणते ते आपल्यावर सोडतो. नांतपर्यंत जाण्याचा हट्ट मात्र सोडावा, म्हणजे श्वास घ्यायला जागा मिळेल.

दोनचाकी_सांगली

ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले आहे, ते मी देतो, कारण या बाबतीत मी स्वतः चुकलो होतो.

प्रवाहाबरोबर जाणे सोपे, हा समज स्वाभाविक आहे पण लोआरच्या बाबतीत तो उपयोगाचा नाही. ओर्लेआं समुद्रसपाटीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर आहे आणि तेथून समुद्र साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. इतका अल्प उतार पायांना कळतसुद्धा नाही. पायांना कळतो तो वारा, आणि या खोऱ्यात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून येतो. २०१९ मध्ये मी ‘पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस’ ही बाराशे किलोमीटरची स्वारी करण्यासाठी फ्रान्सला गेलो होतो, आणि ती झाल्यावर उरलेल्या सुट्टीत ओर्लेआंहून पश्चिमेकडे निघालो. ब्रेस्टकडे जातानाही वारा समोरूनच होता, त्यामुळे शहाणपण यायला हवे होते. परंतु नदीकाठचा सपाट रस्ता म्हणजे विश्रांतीच असे मी गृहीत धरले. ब्लोआच्या पुढे बांधावर एकही झाड आडोशाला नसताना दोन दिवस समोरून वारा घेत चालवले, आणि आमच्या सोबतच्या एकाने तिसऱ्या दिवशी सरळ आगगाडी पकडली. दोन वर्षांपूर्वी पत्नीसह पुन्हा गेलो तेव्हा आंजेहून ओर्लेआंकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने आलो, आणि नऊपैकी सहा दिवस वारा पाठीशी होता.

म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा, की दिशा उलटी करावी. पॅरिसहून वेगवान गाडीने आंजेला जावे आणि तेथून पूर्वेकडे ओर्लेआंपर्यंत यावे. आंजे, सोम्युर, शिनों, व्हिलांद्री, तूर, आंब्वाझ, ब्लोआ, शांबोर आणि ओर्लेआं असे टप्पे धरले, तर एकूण अंतर साधारण सव्वातीनशे किलोमीटर होते, म्हणजे आपल्या क्षमतेच्या बरेच आत राहते आणि पाहायला वेळ उरतो. प्रवास ओर्लेआंला संपल्यामुळे पॅरिसला परतणेही सोपे जाते, कारण ओर्लेआं ते पॅरिस हे अंतर आगगाडीने सुमारे एका तासाचे आहे.

सायकली तेथेच भाड्याने घ्याव्यात. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात परत करण्याची सोय या खोऱ्यात चांगली आहे, परंतु सप्टेंबरसाठीसुद्धा आगाऊ नोंदणी करावी. विमानातून सायकल नेण्याचे श्रम आणि खर्च नऊ दिवसांच्या सपाट प्रवासासाठी वाजवी नाहीत. फक्त आपली सीट आणि पॅडल सोबत न्यावीत; ज्या सीटवर पानशेतला गेलात तीच सीट तेथेही असली की पहिले तीन दिवस सुखाचे जातात. सायकल ताब्यात घेताना तेथेच दोन किलोमीटर चालवून पाहावी आणि कॅरिअरचे सर्व स्क्रू स्वतः आवळून घ्यावेत. आम्ही घेतलेल्या एका सायकलच्या कॅरिअरचा स्क्रू चाळीस किलोमीटरवर पडला आणि पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला लटकवलेली सामानाची पिशवी, चाकात गेले. सुतळीने बांधून पुढचे गाव गाठावे लागले. एक जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप आणि मजबूत कुलूप हे दुकानदाराकडून मागून घ्यावे.

नियम थोडक्यात सांगतो. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे आहे, आणि ही सवय मोडते ती सकाळी पहिल्यांदा रस्त्यावर येताना आणि दुपारच्या विश्रांतीनंतर. त्या दोन वेळी एकमेकांना मोठ्याने आठवण करून द्यावी. ज्या चौकात पाटी नाही, तेथे उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे असते. घंटी आणि दिवे आवश्यक आहेत, गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारे जाकीट घालणे सक्तीचे आहे, आणि कानात इअरफोन घालून सायकल चालवण्यास मनाई आहे. हेल्मेटची सक्ती १२ वर्षांखालील मुलांनाच आहे, तरी आपण दोघांनी ते घालावेच.

आगगाड्यांविषयी इतकेच, की तेईआर या प्रादेशिक गाड्यांत सायकली चढवता येतात, मात्र जागा मर्यादित असते. वेगवान गाड्यांत सायकलीसाठी आधी जागा राखावी लागते. भाड्याच्या सायकली ओर्लेआंला परत केल्या की हा प्रश्न आपोआप सुटतो.

मिरजोळी

मी गेल्या वर्षी माझ्या नणंदेसह या मार्गाचा सोम्युर ते ब्लोआ हा भाग केला. आम्ही दोघी शाकाहारी, त्यामुळे जेवणाविषयी अनुभवाने लिहिते.

उपाशी राहण्याची वेळ येत नाही, पण वेळा पाळाव्या लागतात, आणि खरी पंचाईत तेथेच होते. दुपारचे जेवण बारा ते दोन. अडीच वाजता भूक लागली म्हणून एखाद्या गावात शिरलात, तर स्वयंपाकघर बंद झालेले असते, आणि रात्रीसाठी ते सातच्या आधी उघडत नाही. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी लहान गावांतील बरीच दुकाने आणि खाणावळी बंद असतात. म्हणून रविवारी सकाळीच बाजार करावा. त्या दिवशी आंब्वाझमध्ये असाल तर नदीकाठी मोठा बाजार भरतो, तेथे फळे, पाव, टोमॅटो, अक्रोड आणि चीज घेऊन सोमवार दुपारपर्यंतची सोय करता येते. आमच्याकडे एक लहान सुरी, दोन वाट्या, मेतकूट आणि चटणीची पुडी होती, आणि नदीच्या धक्क्यावर बसून ताज्या पावाबरोबर खाल्लेली शेंगदाण्याची चटणी मला कोणत्याही खाणावळीतल्या जेवणापेक्षा अधिक आठवते.

चीजविषयी एक गोष्ट आधी माहीत असावी. या भागातील शेळीच्या दुधाचे सँत-मोर द तूरेन हे चीज फार प्रसिद्ध आहे. लांबट आकाराचे, राखेचा लेप दिलेले आणि मधून राय गवताची काडी घातलेले असते. पण पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये दूध विरजण्यासाठी बहुधा वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी विकत घेताना विचारून घ्यावे. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे न सांगता घातले जातात, आणि रियेत नावाचा पावावर लावायचा पदार्थही डुकराचाच असतो. आपल्याला फ्रेंच येते हे फार उपयोगी पडेल. ‘शाकाहारी’ इतके म्हणून भागत नाही, मांस नको आणि मासळीही नको असे दोन्ही सांगावे.

सोम्युरच्या परिसरात दगडाच्या गुहांमध्ये खाणावळी आहेत आणि तेथे फुए नावाच्या लहान रोट्या मिळतात. लाकडाच्या भट्टीत टाकल्या की त्या टम्म फुगतात, आपल्या फुलक्यासारख्या पोकळ होतात, आणि त्यात पांढऱ्या घेवड्याची उसळ, अळंबी किंवा शेळीचे चीज भरून देतात. आम्ही दोन रात्री तेच जेवलो. ही अळंबीसुद्धा तेथल्याच जुन्या दगडखाणींत पिकवलेली असतात.

पाण्याचे म्हणाल तर गावाच्या स्मशानभूमीत नळ असतो आणि तेथील सायकलस्वार तेथेच बाटल्या भरतात. सुरुवातीला आम्हाला संकोच वाटला, पण एका आजोबांनीच आम्हाला फाटक उघडून दिले. नळावर पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

मुक्कामासाठी ‘आकय व्हेलो’ ही पाटी असलेली घरे निवडावीत. ही घरे मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात, आणि तेथे सायकली कुलुपात ठेवण्याची जागा व दुरुस्तीची हत्यारे असतात. ज्या शनिवार-रविवारी वारसा दिन असतो, म्हणजे सप्टेंबरचा तिसरा, त्या रात्रीचे घर आजच ठरवून टाकावे.

मुठाकाठ

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिले, की काल रात्री यजमानांना सर्व मोठ्याने वाचून दाखवले. आंजेहून ओर्लेआंकडे जाण्याचे आमचे निश्चित झाले आहे, आणि चौदाची यादी सहावर आली आहे.

एका गोष्टीने मात्र मन अडते. यजमान म्हणतात, की शांबोरला फार गर्दी असते आणि ते मुख्य नदीपासून आत आहे, तेव्हा ते गाळावे. माझ्यासाठी त्या भिंतीवरच्या नकाशातले सर्वांत मोठे चित्र शांबोरचे होते. ते गाळणे योग्य होईल का? आणि दुसरे : तूरवासी यांनी लिहिले, की बांध आणि पांढरा दगड यांचेही मोल वाड्यांइतकेच आहे. सायकलवरून जाताना ते ओळखायचे कसे? आम्ही दोघेही इतिहासाचे अभ्यासक नाही.

गाळपेर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. मी जलसंपदा खात्यात बत्तीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर मुलाकडे फ्रान्सला गेलो असता ही नदी पाहिली. ज्या बांधावरून आपण सायकल चालवणार आहात, तो बांध हीच माझ्या दृष्टीने या खोऱ्यातील सर्वांत मोठी वास्तू आहे.

लोआर ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी, सुमारे हजार किलोमीटरची. उन्हाळ्यात ती वाळूच्या बेटांमधून ओहोळासारखी वाहते आणि पावसाळी दिवसांत अकस्मात फुगते, म्हणून काठच्या लोकांनी मध्ययुगापासून बांध घालायला घेतले. बाराव्या शतकात आंजूचा सरदार आणि इंग्लंडचा राजा असलेल्या दुसऱ्या हेन्रीने बांधावर राहून त्याची देखभाल करणाऱ्या रहिवाशांना सवलती दिल्या होत्या. पुढे शतकानुशतके बांध उंच होत गेले. परंतु नदीला जितके आवळावे तितके तिचे पाणी वर चढते, आणि १८४६, १८५६ व १८६६ या तीन महापुरांत ते बांध अनेक ठिकाणी फुटले. नदीकाठच्या गावांत घरांच्या, चर्चच्या आणि पुलांच्या भिंतींवर या तीन सालांच्या रेषा कोरलेल्या आहेत. सायकल थांबवून त्या रेषेशेजारी उभे राहावे. पुष्कळ ठिकाणी ती डोक्याच्या वर असते. त्या पुरांनंतर अभियंत्यांनी बांधातच ठरावीक जागी सखल सांडवे ठेवले, म्हणजे फार मोठे पाणी आले तर ते ठरवलेल्या जागेतूनच शेतात पसरावे. जार्जोजवळ असा सांडवा आहे, पण तो ओर्लेआंच्या पुढे असल्याने आपल्या वाटेवर येणार नाही.

आणि वाऱ्याची गोष्ट. सांगलीकरांनी सायकलसाठी जो वारा सांगितला, त्याच वाऱ्यावर या नदीचा सारा व्यापार चालत असे. सपाट तळाच्या नावा चौकोनी शिडे उभारून पश्चिमेच्या वाऱ्यावर नांतहून ओर्लेआंपर्यंत प्रवाहाविरुद्ध वर येत, आणि परतताना प्रवाहाबरोबर खाली जात. ओर्लेआं हे नदीचे पॅरिसच्या सर्वांत जवळ येणारे वळण, म्हणून माल तेथे उतरत असे. वाटेत आंबलेली वाइन तेथेच राही आणि तिचे सिरके होई, त्यामुळे ओर्लेआंचे सिरके प्रसिद्ध झाले. १८४६ मध्ये आगगाडी तूरला पोहोचली आणि काही दशकांत हा नौकाव्यापार संपला. गावागावांत पाण्याकडे उतरत गेलेले फरसबंद धक्के आज ओस दिसतात, ते यामुळे. आपण आंजेहून ओर्लेआंकडे जाल तेव्हा त्या शिडाच्या नावांच्याच वाटेने आणि त्यांच्याच वाऱ्याने जात असाल.

पांढरा दगड म्हणजे तुफो, मऊ चुनखडक. करवतीने कापता येतो, कोरीव कामाला उत्तम, आणि नावेतून वाहून नेण्यास सोपा. शातो त्याचेच, साधी घरेही त्याचीच, आणि तो काढून झाल्यावर टेकडीत उरलेल्या पोकळ्यांमध्ये माणसे राहिली, वाइन राहिली, मिरजोळीताईंची अळंबीही तेथेच वाढली. मोंसोरो आणि सोम्युर यांच्या दरम्यान त्युर्कां गावाजवळ टेकडीत कोरलेल्या घरांची धुराडी वरच्या द्राक्षमळ्यांतून बाहेर आलेली दिसतात. छपरांवरचा निळसर काळा पातळ दगड आंजेशेजारच्या त्रेलाझे येथील खाणींचा. त्या खाणी २०१३ मध्ये बंद झाल्या. पांढरी भिंत आणि काळे छप्पर ही जोडी एकदा डोळ्यांत बसली, की खोरे कोठे संपते तेही न सांगता कळते.

मोंसोरोपासून चार-पाच किलोमीटर चढून फोंतव्रोच्या मठात जरूर जावे. हा मठ १२व्या शतकाच्या आरंभी उभा राहिला, आणि तेथील साधू व साध्वी या दोहोंवर स्त्री-मठाधिपतीची सत्ता असे. वर उल्लेख केलेला दुसरा हेन्री, त्याची राणी एलिनोर आणि त्यांचा मुलगा सिंहहृदयी रिचर्ड यांच्या रंगवलेल्या शिल्पमूर्ती तेथे आहेत. एलिनोर पुस्तक उघडून वाचत पहुडली आहे. क्रांतीनंतर या मठाचा तुरुंग झाला आणि तो १९६३ पर्यंत चालला. मला तेथील शांततेत बाराव्या शतकापेक्षा त्या कैद्यांचीच आठवण अधिक आली.

तूरवासी

गाळपेर यांनी जे लिहिले, ते येथे अकरा वर्षे राहूनही मला अर्धेच ठाऊक होते. त्यांचे आभार.

ताई, शांबोर गाळू नका. तीस वर्षे मनात असलेली वास्तू गर्दीपायी सोडणे मला पटत नाही; गर्दी चुकवण्याची युक्ती आहे. ब्लोआहून शांबोर सुमारे २० किलोमीटरवर आहे. आदल्या रात्री शांबोरजवळ मुक्काम करावा आणि सकाळी प्रवासी बस येण्याआधी शातोसमोर जावे. भोवती ३२ किलोमीटर लांबीच्या भिंतीने वेढलेले ५,४४० हेक्टरचे राखीव जंगल आहे, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून तेथे हरणांच्या माजाचा काळ सुरू होतो. संध्याकाळी आणि पहाटे नर हरणांचे खर्जातले ओरडणे दूरवर ऐकू येते. ते ऐकत धुक्यातून सायकलने शातोकडे जाणे हा अनुभव मोटारीने येणाऱ्याला मिळत नाही. आत गेल्यावर सर्व दालने पाहण्याचा अट्टहास करू नये. १५१९ मध्ये काम सुरू झालेल्या या राजवाड्यात चारशेहून अधिक खोल्या आहेत आणि फ्रांस्वा स्वतः तेथे उभ्या हयातीत मोजकेच आठवडे राहिला. मधला दुहेरी जिना मात्र दोघांनी दोन वाटांनी चढावा. एकमेकांना मधल्या झरोक्यांतून पाहत वर जाता येते, पण वाटेत गाठ पडत नाही. ती वर गच्चीवर, धुराड्यांच्या आणि मनोऱ्यांच्या गावात पडते.

आणखी एक जागा सांगतो, जी कोणाच्या यादीत बहुधा नसते. शिनोंकडे वळण्याआधी कांद-सँ-मार्तँ हे लहानसे गाव लागते. संत मार्तँ ३९७ मध्ये येथेच वारले. व्हिएन नदी या गावाच्या पायाशी लोआरला मिळते. चर्चपाशी सायकलींना कुलूप लावावे, कारण वर जाणारी गल्ली सायकल ढकलत नेण्यासही अरुंद आणि चढाची आहे. दहा मिनिटांत आपण टेकडीवर पोहोचाल, आणि तेथून दोन्ही नद्या दिसतील. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जावे, कारण तेव्हा वाळूची बेटे सोनेरी दिसतात आणि पक्षी त्यांवर उतरू लागतात. उतरताना दगड गुळगुळीत झालेले आहेत, म्हणून सायकलचा पुढचा दिवा काढून बरोबर घ्यावा.